हायडेलबर्ग: पुन्हा न बांधलेल्या किल्ल्याचं गाव

फ्रँकफर्टला कामानिमित्त आलेल्या माणसाला एक दिवस मोकळा मिळाला, की कुणी ना कुणी सांगतंच, 'हायडेलबर्गला जाऊन या.' रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास. नेकार नदी, तिच्यावरचा दगडी पूल, डोंगराच्या अंगावर लाल दगडाचा भग्न किल्ला आणि खाली दाटीवाटीने उभं जुनं गाव, हे सगळं दिवसभरात पायी बघून संध्याकाळी परतता येतं. ही सोय रेल्वेनेच करून दिली. १८४० मध्ये मानहाइमहून इथे गाडी सुरू झाली आणि १८४६ मध्ये फ्रँकफर्टची लाइन जोडली गेली. तेव्हाचं स्टेशन जुन्या गावाला लागूनच होतं. १९५५ मध्ये ते पश्चिमेला हलवलं. त्यामुळे आज गाडीतून उतरल्यावर ना नदी दिसते ना किल्ला, आधी ट्राम किंवा बस धरावी लागते.

गावात शिरल्यावर एक गोष्ट लक्षात येते. गल्ल्या मध्ययुगातल्या, अरुंद आणि वाकड्या. घरं मात्र बहुतेक अठराव्या शतकातली. याचं कारण आग.

पॅलेटिनेट या संस्थानाची ही राजधानी. इथल्या राजाला पवित्र रोमन साम्राज्याचा (म्हणजे तेव्हाच्या जर्मन संस्थानांच्या संघाचा) सम्राट निवडण्यात मत असे, म्हणून त्याला इलेक्टर म्हणत. इलेक्टर पाचव्या फ्रेडरिकने १६१९ मध्ये बोहेमियाचा (आजच्या चेक प्रदेशाचा) मुकुट स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी तो गमावला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पक्षांच्या तीस वर्षांच्या युद्धात १६२२ साली कॅथलिक सेनापती टिलीच्या सैन्याने हायडेलबर्ग घेतलं. पवित्र आत्म्याच्या चर्चमधल्या सज्जांवर युरोपातल्या नामांकित ग्रंथसंग्रहांपैकी एक होता. विजेत्यांनी तो पोपला भेट दिला आणि पेट्यांत भरून, खेचरांवर लादून आल्प्सपलीकडे रोमला नेला. त्यातली जर्मन हस्तलिखितं १८१६ मध्ये परत आली, बाकीचा मोठा भाग आजही व्हॅटिकनमध्ये आहे. त्या चर्चमध्ये गेलात तर सज्जांकडे जरूर मान वर करून बघा.

त्याहून मोठा घाव एका लग्नातून आला. इलेक्टरची मुलगी लिझेलोटे १६७१ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या, चौदाव्या लुईच्या भावाला दिली होती. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला, तेव्हा लुईने वहिनीच्या नावाने वारसा सांगितला. तिला स्वतःला हे मुळीच नको होतं, माहेर जळत असल्याचं दुःख ती पत्रांतून लिहीत राहिली. फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये किल्ला आणि गाव पेटवलं. १६९३ मध्ये पुन्हा आले, तेव्हा गाव जवळजवळ पूर्ण जळालं आणि किल्ल्याच्या बुरुजांना सुरुंग लागले. बाजारपेठेतलं 'रिटर' हे १५९२ चं घर तेवढं त्या आगीतून वाचलं. एका कापड व्यापाऱ्याने बांधलेल्या त्या घराचा नक्षीदार दर्शनी भाग अजून तसाच आहे. लोकांनी नवी घरं जुन्याच जागांवर, जुन्याच पायांवर बांधली. गल्ल्या जुन्या आणि भिंती नव्या दिसतात त्या यामुळे.

सुरुंगाचा परिणाम बघायचा तर किल्ल्याच्या पूर्वेकडच्या बुरुजाशी जावं. दारूखान्याचा हा बुरूज उभा चिरला गेला आणि त्याचं एक अखंड धूड खंदकात कलंडलं. ते आजही तिथेच पडलंय. भिंतीची जाडी सहा मीटरच्या वर. तुटलेल्या कडेवर दगड आणि चुन्याचे थर उघडे पडलेत आणि आतल्या मजल्यांच्या कमानी अर्ध्यावर थांबल्यात. एवढी भिंत फोडायला किती दारू लागली असेल, हा विचार तिथे उभं राहिल्यावर येतोच.

पुढे १७२० मध्ये चर्चवरून प्रॉटेस्टंट प्रजेशी वाद झाला आणि चिडलेल्या कॅथलिक इलेक्टरने राजधानीच मानहाइमला हलवली. गावाला तो फटका वाटला असणार, पण आजचं देखणं हायडेलबर्ग काही अंशी या रुसव्यामुळे शिल्लक राहिलं असं मला वाटतं. दरबार इथेच राहता, तर त्या काळच्या हौसेप्रमाणे जुनं पाडून नवा राजवाडा उठला असता. १७६४ मध्ये किल्ल्यावर वीज पडली, उरलेसुरले भाग जळाले आणि दुरुस्तीचा विचार मागे पडला. लोक घरं बांधायला तिथले दगड नेऊ लागले.

ही लूट थांबवायला जो माणूस उभा राहिला तो फ्रेंच होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. शार्ल द ग्रँबेर्ग, क्रांतीनंतर देश सोडलेल्या घराण्यातला चित्रकार, १८१० मध्ये इथे आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याने अवशेषांची चित्रं काढली, ती छापून विकली, जुन्या वस्तू गोळा केल्या आणि दगड नेणाऱ्यांना अडवलं. त्याच्या संग्रहातूनच गावातलं आजचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. भग्न वास्तूंचं सौंदर्य मानणाऱ्या कवी-चित्रकारांचा तो काळ. इंग्लंडहून चित्रकार टर्नर आला, १८७८ मध्ये अमेरिकेहून लेखक मार्क ट्वेन येऊन मुक्कामाला राहिला, आणि भंगलेला किल्ला साऱ्या युरोपात गाजला.

मग खरा वाद पेटला: किल्ला पुन्हा बांधायचा का? जर्मनी एकसंध झाली होती, पैसा होता, अभिमान होता. १८९१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पूर्ण पुनर्बांधणी नाकारली आणि आहे ते टिकवण्याचा सल्ला दिला. तरी किल्ल्यातल्या चौथ्या फ्रेडरिकच्या इमारतीचा जीर्णोद्धार झालाच, तोही मूळच्या आतल्या रचनेचा फारसा पुरावा नसताना. पुढचा डोळा किल्ल्यातल्याच ऑटहाइनरिश राजवाड्यावर होता. तेव्हा कलेतिहासकार गेऑर्ग देहियो यांनी १९०१ मध्ये कडाडून विरोध केला. जतन करा, जीर्णोद्धार नको, ही त्यांची भूमिका. जे हरवलं ते कल्पनेने उभं केलं तर उरलेल्या अस्सल दगडांचीही साक्ष पुसली जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची बाजू टिकली. चौकात उभं राहून दोन्ही इमारती शेजारी शेजारी बघता येतात: एक छपरासकट नीटनेटकी, दुसरीची नुसती दर्शनी भिंत, मूर्तींच्या ओळी आणि खिडक्यांतून आरपार दिसणारं आकाश. बहुतेक लोक फोटो काढायला दुसरीसमोर थांबतात, आणि देहियोंच्या बाजूचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

पुलाची गोष्ट वेगळी, कारण पूल रोज लागतो. १७८४ च्या बर्फाच्या लोंढ्याने आधीचा पूल वाहून नेला. १७८६ ते १७८८ मध्ये इलेक्टर कार्ल थिओडोरने आजचा बांधला. २९ मार्च १९४५ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या, आणि १९४७ पर्यंत लोकवर्गणीच्या मदतीने तो पुन्हा उभा राहिला. बॉम्बफेकीतून मात्र हे गाव जवळजवळ सहीसलामत सुटलं.

विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. बुन्सेन आणि किर्खहोफ या शास्त्रज्ञांनी वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखण्याची रीत १८५९-६० च्या सुमारास इथेच बसवली. मराठी वाचकाला जवळचं नाव आहे गुंथर सोन्थायमर यांचं. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हिंडून त्यांनी धनगरांच्या ओव्या, जत्रा आणि दैवतं अभ्यासली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आला, आणि १९९२ मध्ये वारेपर्यंत त्यांचं महाराष्ट्राशी नातं घट्ट राहिलं.

दिवस हातात एकच असेल, तर किल्ल्यावरचा थोडा वेळ वाचवून विद्यापीठाच्या जुन्या इमारतीमागची विद्यार्थ्यांची कोठडी बघावी. दारू पिऊन दंगा, रात्रीचा गोंधळ, तलवारीची द्वंद्वं, असल्या गुन्ह्यांसाठी विद्यापीठ स्वतःच शिक्षा देई. कोंडलेल्या मुलांना तासांना मात्र जाऊ देत. १९१४ पर्यंत ही कोठडी वापरात होती, आणि भिंतींपासून छतापर्यंत त्या पोरांनी रंगवलेली नावं, टोप्या घातलेली काळी मुखचित्रं आणि कोंडल्याच्या तारखा अजून वाचता येतात.