अतिउच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांचा उगमशोध

अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणाऱ्या विद्युत्भारित कणांना विश्वकिरण म्हणतात. नावात किरण असले, तरी हे असतात प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रे. त्यांतल्या सर्वांत जोरकस कणांचा उगम अजून ठरलेला नाही.

१५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतील युटा येथे नोंदलेल्या एका कणाची ऊर्जा सुमारे ५१ जूल होती. फिरकी गोलंदाजाने ताशी ९० किलोमीटर वेगाने सोडलेल्या क्रिकेटच्या चेंडूत जेवढी असते, तेवढी. फरक इतकाच, की इथे ती एकट्या अणुकेंद्रात कोंबलेली होती.

असे कण फार दुर्मिळ. एक चौरस किलोमीटर जागेवर शतकात जेमतेम एखादा पडतो. म्हणून सापळाच मोठा लावावा लागतो. अर्जेंटिनातील मालार्ग्वे गावाजवळ, गुरांच्या चराऊ रानात, पिएर ओजे वेधशाळेच्या सुमारे १,६०० टाक्या ३,००० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी आणि मिट्ट काळोख. कण वातावरणात शिरला, की हवेतल्या अणूंना धडकून दुय्यम कणांचा वर्षाव होतो (या वर्षावाचे गणित १९३७ मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक मुंबईचे होमी भाभा). हे दुय्यम कण टाकीतून जाताना निळसर प्रकाश चमकतो आणि आतले संवेदक तो टिपतात. शेजारच्या टाक्यांमधील चमकांच्या वेळेतल्या फरकावरून मूळ कणाची दिशा काढतात.

दिशा कळली, तरी पत्ता मिळत नाही. वाटेतली चुंबकीय क्षेत्रे भारित कणाला वळवतात. अंतराला मात्र मर्यादा आहे: महास्फोटानंतर उरलेल्या आणि विश्वात भरून राहिलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाला धडकून कण ऊर्जा गमावतो, त्यामुळे त्याचा उगम काही कोटी प्रकाशवर्षांच्या टापूतच असायला हवा. २०२१ मध्ये युटातच टिपलेला ‘अमातेरासू’ कण तर जवळपास रिकाम्या पोकळीच्या दिशेने आला!

२००७ मध्ये ओजे गटाने सक्रिय दीर्घिकांच्या, म्हणजे ज्यांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर पदार्थ गिळत असते अशा तारकासमूहांच्या, केंद्रांकडे बोट दाखवले होते. नोंदी वाढल्या तसा तो संबंध पातळ झाला. २०१७ चा निष्कर्ष अधिक भक्कम आहे. आकाशाच्या एका बाजूने कण किंचित जास्त येतात आणि ती बाजू आकाशगंगेच्या केंद्राकडची नाही. म्हणजे हे पाहुणे आपल्या दीर्घिकेबाहेरचे.

अणुकेंद्र जितके जड, तितका त्याचा विद्युत्भार जास्त आणि मार्गही तितका अधिक वळतो. आलेला कण हलका की जड हे ओळखण्यासाठी आता टाक्यांवर चमकणाऱ्या प्लास्टिकचे शोधक बसवले आहेत.