कुत्र्याला संत्र्याची फोड चालते, साल चालत नाही

हिवाळ्यात तुर्भ्याच्या फळबाजारातून नागपुरी संत्री वाशी-नेरूळच्या घराघरांत पोहोचू लागली की, ती सोलणाऱ्यासमोर पाळीव कुत्राही आशेने येऊन बसतो. बिया आणि वरचे पांढरे धागे काढलेली एखाद-दुसरी फोड निरोगी कुत्र्याला दिली, तर सहसा काही बिघडत नाही. मात्र ती त्याला 'क' जीवनसत्त्व मिळावे म्हणून देण्यात अर्थ नाही. माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही. कुत्र्याचे यकृत ते ग्लुकोजपासून स्वतःच बनवते. फोडीतून त्याला मिळते ती मुख्यतः साखर आणि पाणी. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ९ ते १० ग्रॅम साखर असल्यामुळे मधुमेही किंवा स्थूल कुत्र्याला ते न देणेच बरे.

खरा प्रश्न सालीचा आहे. संत्रे, मोसंबी, लिंबू यांच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी असतात. त्यांतील तेलात लिमोनीन हा घटक सर्वाधिक असतो आणि त्याच्या जोडीला सालीत, पानांत व बियांत सोरालेन वर्गातील संयुगेही असतात. ही द्रव्ये पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यास कुत्र्याला उलट्या व जुलाब होतात आणि तो मलूल पडतो. शिवाय साल नीट पचत नाही आणि लहान चणीच्या कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकते. दुकानांच्या दारांवरून उतरवून रस्त्यावर टाकलेली लिंबू-मिरची फिरायला नेलेल्या कुत्र्याने तोंडात धरू नये, याचे हेही एक कारण आहे.

गोचिडांवर उपाय म्हणून कुत्र्याच्या अंगाला लिंबू चोळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मला धोक्याचा वाटतो. सोरालेन त्वचेवर असताना उन्हातील अतिनील किरण पडले, तर कातडी लाल होते, प्रसंगी भाजल्यासारखे फोडही येतात, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा तेच द्रव्य पोटात जाते.

लिंबू-संत्र्यांतील आम्ल हे सायट्रिक आम्ल असते. द्राक्षे आणि मनुका यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांतील टार्टारिक आम्ल कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करते, असा पशुवैद्यकांचा सध्याचा प्रबळ कयास आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. त्यामुळे घरात कुत्रा असेल, तर संत्र्यांच्या टोपलीपेक्षा चिंचेच्या बरणीचे झाकण अधिक काळजीने लावावे.