वेक टर्ब्युलन्स : हलक्या विमानाच्या उड्डाणातील काळजी

पंखांवर उचल निर्माण होत असताना विमानामागे, पंखांच्या टोकांपासून, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे निघतात. हाच वेक टर्ब्युलन्स. इंजिनाचा झोत ही वेगळी बाब. पुढच्या विमानाने नाक उचलले की भोवरे सुरू होतात आणि उतरताना चाके टेकली की थांबतात. विमान जड, संथ आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे पट्टे) आत घेतलेले असेल तर ते सर्वांत जोरकस. मिनिटाला काहीशे फूट या गतीने ते खाली उतरतात आणि जमिनीलगत दोन-तीन नॉटांनी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) बाजूंना सरकतात. त्यामुळे तेवढाच मंद आडवा वारा असला, तर वाऱ्याकडचा भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो. शांत, सुखद सकाळ म्हणूनच फसवी.

जड विमान नुकतेच उडाले असेल, तर त्याने जिथे नाक उचलले त्याच्या बऱ्याच अलीकडे आपली चाके सुटली पाहिजेत. ते नुकतेच उतरले असेल, तर उलट त्याची चाके टेकली त्या जागेच्या पुढे आपण नाक उचलावे. पहिली अट सेसना १७२ (एका इंजिनाचे छोटे विमान) सहज पाळते. खरी अडचण नंतरची आहे: जेट विमान तिच्यापेक्षा उभे चढते, त्यामुळे त्याच्या मार्गाच्या वर राहणे फार वेळ जमत नाही. परवानगी घेऊन वारा येतो त्या बाजूला लवकर वळावे. ते शक्य नसेल तर थांबावे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मूळ वर्गवारीत ७,००० किलोपर्यंतचे विमान ‘लाइट’, १,३६,००० किलो व त्यावरचे ‘हेवी’. हेवी किंवा मीडियम (या दोन्हींमधल्या वजनाच्या) विमानामागे लाइटसाठी २ मिनिटांचे अंतर. धावपट्टीच्या मध्यावर मिळणाऱ्या टॅक्सीवेवरून (जोडरस्त्यावरून) निघाल्यास ३. टॅक्सीचा वेळ वाचवायला मधून निघणारा वैमानिक चाके लवकर सुटण्याचा फायदाच गमावतो, म्हणून हे जादा मिनिट. ही किमान अंतरे आहेत. वारा पडलेला असेल तर नियंत्रण टॉवरकडे आणखी वेळ मागावा, त्यात संकोच नको.

भोवऱ्यात सापडल्यास विमान झपाट्याने कुशीवर लोळते आणि आखूड पंखांच्या विमानाचे एलेरॉन (विमान कुशीवर झुकवणारे पंखांवरील पट्टे) अपुरे पडू शकतात. नाक थोडे खाली, पूर्ण पॉवर, मग पंख समतल. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभ्या शेपटावरील पट्टा) फक्त समन्वयापुरता. आलटूनपालटून जोरात दाबू नये. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ हे उड्डाण पुढच्या बोइंग ७४७च्या वेकमध्ये शिरले. नेमक्या अशाच रडर वापराने त्या एअरबस ए३००चे उभे शेपूट तुटले आणि २६५ जण दगावले.