छळाच्या तक्रारदारांचे संरक्षण

छळाच्या तक्रारदारांचे संरक्षण : पोलीस कोठडी, तुरुंग, लष्करी छावणी किंवा सरकारी ताब्यातील अन्य ठिकाणी छळ सोसलेल्या माणसाने तोंड उघडले, की त्याच्यावर, त्याच्या घरच्यांवर, साक्षीदारांवर, वकिलावर आणि कधीकधी तपासणाऱ्या डॉक्टरवरही सूड उगवला जातो. तो रोखण्यासाठी केलेली कायदेशीर आणि व्यवहारातली तजवीज म्हणजे हे संरक्षण. साक्षीदार संरक्षणाची ती एक शाखा मानतात, पण गाठ वेगळी आहे. खुनाच्या खटल्यातला साक्षीदार गुंडाला घाबरतो आणि पोलिसांकडे जातो. छळाच्या तक्रारदाराला ज्याची भीती वाटते, त्याच्याच खात्याकडे संरक्षण मागावे लागते.

सूड दर वेळी गोळी घालूनच उगवला जातो असे नाही. बहुतेकदा तो कागदावर उगवला जातो, आणि म्हणून तो सूड आहे हे सिद्ध करणे अवघड जाते. महाराष्ट्रात याचे प्रकार ओळखीचे आहेत : तक्रारदारावरच सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा (जुन्या दंडविधानातल्या कलमावरून लोकांच्या तोंडी अजूनही ‘तीनशे त्रेपन्न’), चॅप्टर केस (चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेणारी प्रतिबंधक कारवाई), तडीपारीचा प्रस्ताव, भावाला चौकशीसाठी वरचेवर बोलावणे. तक्रारदार तुरुंगात असेल तर बराक बदलते, घरच्यांच्या मुलाखती बंद होतात. यातली प्रत्येक कारवाई सुटी पाहिली तर नियमात बसणारी असते. तिची तारीख तक्रारीच्या तारखेशेजारी ठेवली की खरे चित्र दिसते.

तक्रार गिळली जाते ती बरेचदा पहिल्या रिमांडलाच. आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतात. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा रात्री मारणारा हवालदार हातभर अंतरावर उभा असतो आणि आरोपीला संध्याकाळी त्याच्याच गाडीतून त्याच कोठडीत परतायचे असते. आरोपी नकारार्थी मान हलवतो. रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ अशी ओळ पडते आणि पुढे वर्षानुवर्षे ती त्याच्याविरुद्ध वाचून दाखवली जाते. हा प्रश्न विचारणे बंधनकारक झाले ते मुंबईतल्याच एका प्रकरणामुळे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. त्यावर 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मॅजिस्ट्रेटने आरोपीला छळाबद्दल विचारावे आणि वैद्यकीय तपासणीच्या हक्काची माहिती द्यावी. आदेश चांगलाच होता. मात्र विचारताना हवालदाराला बाहेर पाठवावे, ही साधी गोष्ट न्यायाधीशाच्या शहाणपणावर राहिली.

आंतरराष्ट्रीय कायद्यात याचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराच्या तेराव्या कलमात आहे. हा करार 10 डिसेंबर 1984 रोजी स्वीकारला गेला आणि 26 जून 1987 पासून अमलात आला. तक्रारदार आणि साक्षीदार यांना तक्रारीपायी किंवा साक्षीपायी त्रास वा धमकी होणार नाही याची जबाबदारी हे कलम राज्यसंस्थेवर टाकते. तुरुंगांना भेटी देणाऱ्या उपसमितीसाठी 2002 मध्ये जोडकरार झाला. त्याचे पंधरावे कलम आणखी पुढे जाते : उपसमितीला दिलेली माहिती खरी असो वा खोटी, ती दिल्याबद्दल कोणालाही शिक्षा करता येणार नाही. हे ‘वा खोटी’ मुद्दाम घातलेले आहे. ते नसते, तर प्रत्येक कैद्यावर आधी खोटेपणाचा ठपका ठेवून मग शिक्षा करण्याची वाट मोकळी राहिली असती. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क करारांवर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांच्या अध्यक्षांनी सूडाविरुद्ध सान होजे मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. भारताने 14 ऑक्टोबर 1997 रोजी मूळ करारावर सही केली, पण अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) केलेले नाही. छळप्रतिबंधक विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले.

केवळ कायदा असून भागत नाही, याचे उदाहरण शेजारच्या श्रीलंकेत आहे. तिथे करारही लागू होता आणि 1994 पासून छळाला गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदाही होता. जून 2002 मध्ये कोलंबोलगतच्या वत्तला पोलीस ठाण्याने जेराल्ड परेरा यांना उचलले. हवा होता दुसराच कोणी. नावाच्या घोळात हे सापडले. मारहाणीत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही दिवस ते कृत्रिम यंत्रणेवर जगले. ते मागे हटले नाहीत. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन मोठी भरपाई मंजूर केली आणि पोलिसांवर निगोंबोच्या उच्च न्यायालयात फौजदारी खटलाही उभा राहिला. साक्षीला थोडेच दिवस उरले असताना, 21 नोव्हेंबर 2004 रोजी, बसमधून जात असलेल्या परेरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तीन दिवसांनी ते गेले. छळाच्या खटल्यातले पोलीस पुढे निर्दोष सुटले; छळ कोणी केला हे सांगू शकणारा मुख्य माणूसच उरला नव्हता. 2008 मध्ये निगोंबोतच पोलिसी छळाच्या आणखी एका तक्रारदाराची गोळ्या घालून हत्या झाली. श्रीलंकेने 2015 मध्ये पीडित व साक्षीदार संरक्षण कायदा केला, पण संरक्षण देणारा विभाग ठेवला तो पोलीस खात्यातच.

भारतीय व्यवस्थेतही हीच गोम आहे. 5 डिसेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि तिला देशभर कायद्याचे बळ दिले. महाराष्ट्राने त्याच सुमारास स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदाही केला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) 398 व्या कलमाने अशी योजना करणे राज्यांवर बंधनकारक केले. योजनेनुसार अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो. ओळख लपवणे, फोन क्रमांक बदलणे, गस्त, दुसरीकडे राहण्याची सोय, न्यायालयात सोबत असे उपाय करण्याचा आदेश तिला देता येतो. मात्र निर्णयाचा आधार असतो तो धोक्याचा अहवाल, आणि तो लिहितो त्या उपविभागाचा सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक. म्हणजे ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच वरिष्ठाने ठरवायचे की तक्रारदाराला धोका आहे का.

दुसरी अडचण कलमांची. योजना मुख्यतः सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. कबुलीसाठी मारहाण (पूर्वी दंडविधानाचे कलम 330, आता भारतीय न्याय संहितेचे 120) त्यात बसते; साधी दुखापत बसत नाही. ठाणेदाराने गुन्हा नोंदवताना साधी दुखापत लिहिली, की संरक्षणाचे दार तिथेच लागते. वकिलांची निम्मी लढाई म्हणूनच कलमासाठी असते.

कोठडीतल्या छळाला बाहेरचा साक्षीदार नसतो. पाहणारा असतो तो शेजारच्या कोठडीतला. ख्वाजा युनूस प्रकरणात हे ठळकपणे दिसले. परभणीचा हा तरुण अभियंता घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर 2002 मध्ये पकडला गेला आणि जानेवारी 2003 नंतर दिसलाच नाही. पोलिसांचे म्हणणे, औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याला मारहाण होताना पाहिल्याचे सांगणारा माणूस होता त्याच प्रकरणातला सहआरोपी. अशा साक्षीदाराला जामीन, खटला, सुटका या प्रत्येक पायरीवर पोलिसांशी गाठ असते. त्याला संरक्षण द्यायचे तर दारावर बंदूकधारी शिपाई नेमून भागत नाही. उलट तो शिपाई त्याला आणखी घाबरवतो. या प्रकरणातले निलंबित पोलीस 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले.

त्यामुळे अनुभवी वकील आणि संघटना कागदापासून सुरुवात करतात. वळ आणि सूज काही दिवसांत ओसरते, म्हणून ताबडतोब वैद्यकीय तपासणी. तीही पोलीस खोलीबाहेर असताना, इस्तंबूल नियमावलीप्रमाणे (छळाच्या खुणा नोंदवण्याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत) प्रत्येक खूण शरीराच्या आकृतीवर टिपून. अहवालाची प्रत त्याच दिवशी वकिलाकडे आणि एखाद्या नातेवाइकाकडे जाते, कारण एकाच फायलीतला कागद गहाळ होऊ शकतो. साक्ष मॅजिस्ट्रेटपुढे लवकर नोंदवून घेतात, म्हणजे पुढे साक्षीदाराला गप्प करून फारसे काही साधत नाही. तक्रारदार कैदेत असेल तर दुसऱ्या तुरुंगात बदलीचा अर्ज होतो, आणि तपास दुसऱ्या यंत्रणेकडे देऊन आरोपी पोलिसांना जिल्ह्याबाहेर पाठवण्याची मागणीही त्यातच असते. हे शेवटचे क्वचितच मान्य होते. घर, गाव, कामधंदा सोडून जावे लागते ते बहुधा तक्रारदारालाच.