इंजिन किती वर, प्रोपेलर कोणता: आउटबोर्डच्या बसवणीची पार्श्वभूमी

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर) किती उंच बसवायचं आणि त्याला कोणत्या पिचचा (एका फेऱ्यात हिशेबाने किती इंच पुढे जाणारा) प्रोपेलर लावायचा, हे आज वेगाच्या मागे लागलेला कुणीही एका दमात विचारतो. बराच काळ यातला पहिला प्रश्न अस्तित्वातच नव्हता. 1909 साली अमेरिकेत बाजारात आलेलं दीड हॉर्सपॉवरचं इंजिन ट्रान्समला क्लॅम्पने आवळायचं, हाताने फ्लायव्हील फिरवायचं आणि निघायचं, एवढाच मामला होता. पुढे ट्रान्समच्या उंच्या ठरून गेल्या. 15 इंच म्हणजे शॉर्ट शाफ्ट, 20 म्हणजे लाँग, आणि मोठ्या बोटी आल्या तसे 25 आणि 30. शाफ्टची लांबी जुळली की उंचीचा विषय संपला, असं मानलं जाई.

प्रोपेलर अर्धा पाण्याबाहेर ठेवला तर बोट जास्त पळते, हे मात्र इनबोर्डवाल्यांना (ज्यांचं इंजिन बोटीच्या आत असतं) आधीच कळलं होतं. 1950 मध्ये सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर एका हायड्रोप्लेन जातीच्या रेसिंग बोटीने ताशी 160 मैलांचा विक्रम केला, तो प्रोपेलरचा वरचा अर्धा भाग हवेत फिरवतच. आउटबोर्डच्या रेसिंगमध्येही हे तंत्र होतं. रोजच्या वापराच्या बोटीपर्यंत ते पोचण्याआधी दोन गोष्टी घडल्या. एक, 1960 च्या दशकात एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर) प्रोपेलरच्या हबमधून, म्हणजे मधल्या पोकळ भागातून, मागे सोडण्याची पद्धत रुळली. दुसरं, पॉवर ट्रिम आलं आणि चालत्या बोटीत इंजिनाचा कोन बदलता येऊ लागला.

हबमधून एक्झॉस्ट आल्याने आवाज कमी झाला, पण एक नवी कटकटही आली. इंजिन वर घेतलं की पृष्ठभागावरची हवा पात्यांकडे ओढली जाते, आणि आता हबमधला गॅसही तिथेच टपून असतो. हबच्या मागच्या कडेला बाहेर वळवलेली रिंग असते, ती हा गॅस पात्यांत परत जाऊ नये म्हणून. हवा शिरली की पकड सुटते, आरपीएम उसळतात आणि बोट जागच्या जागी राहते. याला सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते नव्हे. कॅव्हिटेशनमध्ये दाब इतका घसरतो की पाण्याचीच वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटून पात्यावर खड्डे पाडतात. इथे घडतं ते व्हेंटिलेशन.

खरा वाद आहे तो गिअरकेसच्या (इंजिनाच्या पाण्यातल्या, प्रोपेलर धरणाऱ्या खालच्या भागाच्या) वर आडव्या असलेल्या प्लेटचा. ती बोटीच्या तळाच्या रेषेत ठेवावी, हा जुना नियम. बहुतेक बोटी आजही त्याच हिशेबाने, बऱ्याचदा त्याहूनही खाली, बसवून दिल्या जातात. कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात तथ्य आहे. माणसं आणि सामान भरलेली बोट वळणावर कलंडते, लाटेवर मागचा भाग उचलला जातो. अशा वेळी पकड सुटू नये, आणि कूलिंगचं पाणी तर कधीच तुटू नये. इंजिन जळलं तर भांडण विकणाऱ्याशीच होणार.

पण या सावधपणाची किंमत रोज मोजावी लागते. गिअरकेस म्हणजे पाण्यातून ओढत नेलेला लोखंडी नांगरच. त्याचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तासाला 30 मैलांवर जे जाणवतही नाही, ते 60 वर चौपट होतं. शिवाय ट्रान्सम सोडल्यावर पाणी मागे वर चढत जातं. म्हणजे इंजिन जितकं मागे, तितकं ते वर घ्यायलाच हवं. 1970 आणि 80 च्या दशकांत अमेरिकेतल्या बास मासेमारीच्या स्पर्धांनी हे सामान्य बोटवाल्याला शिकवलं. पहाटे सुटल्यावर आवडत्या जागी आधी पोचणारा फायद्यात, म्हणून इंजिन मागे आणि वर नेणाऱ्या जॅकप्लेट लोकप्रिय झाल्या, पुढे हायड्रॉलिकवरही आल्या. वेगवान व्ही-तळाच्या बोटींत प्लेट तळापेक्षा दोन-तीन इंच वर असणं तेव्हापासून नवलाचं राहिलं नाही.

तळाच्या रेषेचा नियम हा फक्त सुरुवातीचा बिंदू आहे, आणि तो शेवटचा शब्द म्हणून सांगितला जातो ही खरी चूक. ब्रॅकेटची भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात ती काही शोभेला नाहीत. एक भोक वर घ्या, त्याच वजनाने, तितक्याच इंधनाने, दोन्ही दिशांनी बोट पळवून पाहा. हे करताना नजर मात्र वेगापेक्षा पाण्याच्या दाबाच्या काट्यावर हवी. दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेखाली गेला तर भोक एक खाली. फार वर जायचं तर पाणी ओढण्याची छिद्रं गिअरकेसच्या नाकाशी खाली असलेलं युनिट लागतं, ते रेसिंगमधूनच आलं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्लेटखालचा छोटा ट्रिम टॅब वर घेतलेल्या इंजिनात पाण्याबाहेर येतो. मग स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं, आणि केबलचं स्टिअरिंग असेल तर हात भरून येतात.

उंची बदलली की आधीचा प्रोपेलर बहुधा निकामी ठरतो. तीन पात्यांचा साधा ॲल्युमिनियमचा प्रोपेलर खोल पाण्यासाठी असतो, वर नेला की सुटतो. वर टिकतो तो स्टीलचा. पाती पातळ, मागे जास्त कललेली, कडेला किंचित वळवलेला कप, गरज पडल्यास चौथं पातं. पिच ठरवायचं ते शेवटी. एक इंच पिच म्हणजे साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्याच्या ठरलेल्या पट्ट्यात वरच्या टोकाशी यायला हवं. आधी पिच ठरवून मग इंजिन वर घेणारे एक प्रोपेलर फुकट विकत घेतात.

स्लिपचा, म्हणजे हिशेबाच्या वेगापेक्षा बोट किती कमी पळते त्याचा, हिशेब जुनाच आहे. 5600 आरपीएम, गिअरचं गुणोत्तर 1.75, म्हणजे प्रोपेलरच्या शाफ्टचे मिनिटाला 3200 फेरे. 22 इंच पिचने गुणून 1056 ने भागा, ताशी 66.7 मैल येतात. बोट प्रत्यक्ष 60 ने गेली तर स्लिप 10 टक्के. अडचण होती ती खऱ्या वेगाची. जुने स्पीडोमीटर पाण्याच्या दाबावर चालत, आणि अनेकांचं छिद्र गिअरकेसच्याच पुढच्या धारेत असे. म्हणजे इंजिन वर घेतलं की मोजमापच बिघडायचं. जीपीएस हाती आलं, 2000 मध्ये त्यातली मुद्दाम ठेवलेली चूकही काढली गेली, आणि कित्येकांचा जुना वेग एका दिवसात कमी झाला.

त्यानंतरचा बदल वजनाचा. अमेरिकेतले धुराचे नियम 1998 ते 2006 दरम्यान टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि जुने कार्ब्युरेटरवाले टू-स्ट्रोक मागे पडले. फोर-स्ट्रोक जड, त्यामुळे जॅकप्लेटवर ते आणखी मागे नेलं की बोट उठायला, म्हणजे वेग घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर चढायला, वेळ लावते. त्याला उत्तर म्हणून मोठं गिअर रिडक्शन आणि मोठ्या व्यासाचे, चार पात्यांचे प्रोपेलर आले. 2021 मध्ये आलेल्या 600 हॉर्सपॉवरच्या व्ही-12 मध्ये तर दोन गिअर आहेत. उठण्यासाठी पहिला, पळण्यासाठी दुसरा, त्यामुळे एका पिचवर दोन्ही कामं ढकलावी लागत नाहीत. तीन इंजिनांच्या व्ही-तळाच्या बोटीत मधलं इंजिन बाजूच्यांपेक्षा खाली बसवतात किंवा त्याला लांब शाफ्ट देतात, आणि तिन्हींची उंची स्वतंत्र जुळवावी लागते.