रिकामी तागडी सरळच असते

१ नोव्हेंबरला बेळगावात एकाच दिवशी दोन दिवस उगवतात. एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे नाचवत राज्योत्सवाची मिरवणूक जाते, दुसऱ्या रस्त्यानं काळा दिन पाळणारी मराठी माणसं काळ्या फिती लावून सायकल फेरी काढतात. मी फेरीतला. शेजारचे अण्णा मिरवणुकीतले. एका वर्षी संध्याकाळी त्यांच्याच घरी, त्यांच्याच टीव्हीवर आम्ही त्या दिवसाची बातमी बघितली. मी म्हटलं, "आमची बाजू दाखवलीच नाही." अण्णा उसळले, "छे! सगळं तुमचंच दाखवलं की!" बातमी जेमतेम दीड मिनिटाची होती.

हा काही बेळगावच्या पाण्याचा गुण नव्हे. रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १४४ विद्यार्थ्यांना १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या (इस्रायली फौजेच्या वेढ्यात झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कत्तलीच्या) टीव्ही-बातम्या दाखवल्या. त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना इस्रायलधार्जिण्या. चित्रफिती त्याच. त्यातही ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपात जास्त दिसला. सीमाप्रश्नावर कपाटभर कात्रणं जमवलेल्या माझ्यासारख्यानं हे वाक्य दोनदा वाचावं.

आपल्या-परक्याचा हा कल फार लवकर सुरू होतो. कॅथरीन किंझलर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा महिन्यांच्या बाळांना पडद्यावर दोन बायका दाखवल्या. एक इंग्रजीत बोलली, दुसरी फ्रेंचमध्ये. मग दोघींनी न बोलता सारखंच खेळणं पुढे केलं. बाळं जास्त करून आपल्या घरच्या भाषेत बोललेलीचं खेळणं घेत होती. त्या वयात ना नकाशा कळतो, ना आंदोलन. बेळगावकर यावर म्हणेल, आम्ही दोन्ही भाषा बोलतो, आम्हाला हे लागू नाही. पण कॅनडातल्या पाच-सहा वर्षांच्या दुभाषिक मुलांनीही मित्र निवडताना परक्या उच्चाराच्या मुलापेक्षा आपल्या उच्चाराच्या मुलालाच पसंती दिली.

पक्षपात म्हणजे एका बाजूला कलणं. मराठीतला 'निष्पक्षपात' कन्नडमध्येही तसाच आहे, एवढ्यापुरतं तरी भांडण नाही. कलण्याची गोष्ट निघाली की मला आज्जी आठवते. गणपत गल्लीत रताळी घेताना ती रिकाम्या तागडीकडं (अण्णांच्या भाषेत तक्कडी) ढुंकूनही बघायची नाही. "रिकामी तागडी समद्यांचीच सरळ असती," म्हणायची. रताळी एकदा तोलून झाली की तिचा हुकूम ठरलेला : "आता वजनं हिकडं टाक, रताळी तिकडं."

यात पक्कं पदार्थविज्ञान आहे. तागडीच्या दांडीचा एक हात लांब आणि दुसरा आखूड असेल, तर आखूड बाजूच्या पारड्याला पासंग लावायचा, की रिकामी तागडी झक्क सरळ राहते. माल पडला की मग खोट सुरू होते. समजा, रताळी डाव्या पारड्यात ठेवल्यावर ८०० ग्रॅम भरली आणि उजव्यात ठेवल्यावर १,२५०. (उदाहरण भडक आहे. असा काटा मारणारा आमच्या बाजारात तासभरही टिकायचा नाही.) खरं वजन किती? बहुतेक जण सरासरी काढतील : १,०२५. ते चूक. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं, म्हणजे बरोबर १,००० ग्रॅम. ही रीत थोर गणितज्ञ गाउस यांच्या नावानं ओळखली जाते.

तागडी खोटी होती आणि खोटीच राहिली, तरी वजन खरं मिळालं. शिवाय खरं वजन दोन आकड्यांच्या मधोमध नव्हतं. आपल्याकडं 'थोडं ह्याचं, थोडं त्याचं' करणाऱ्या पंचाला नि:पक्ष म्हणायची पद्धत आहे. ती तडजोड झाली. ती करावीही, पण तिला तोलणं म्हणू नये.

आपण स्वतःला तपासतो ते मात्र रिकामी तागडी बघून. एमिली प्रोनिन यांनी २००२ साली दाखवलं, की माणसाला पूर्वग्रह इतरांमध्ये सहज दिसतात, स्वतःत दिसत नाहीत. मनात डोकावलं, तिथं कुणाबद्दल वाईट हेतू सापडला नाही, की आपण मोकळे. हेतू साफ असला तरी दांडीचा एक हात आखूड असू शकतो.

मग 'नि:पक्ष राहा' असं बजावून काय होतं? चार्ल्स लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ साली हेच पाहिलं. फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक यांना दोन्ही बाजूंचे संशोधन-अहवाल वाचायला दिले. असा मिश्र पुरावा वाचूनही दोन्हीकडचे लोक आपापल्या मताला आणखी घट्ट चिकटतात, हे आधी दिसलं होतंच. या वेळी एका गटाला सांगितलं, न्यायाधीशासारखे शक्य तितके नि:पक्ष व्हा. काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं, पावलोपावली स्वतःला विचारा : हाच अभ्यास, याच पद्धतीनं झाला असता आणि निष्कर्ष उलटा आला असता, तर मी त्याला एवढंच चांगलं किंवा वाईट म्हटलं असतं का? त्या गटातला ताठरपणा मावळला. आज्जीच्या भाषेत, पारडी बदलली.

मी हा प्रयोग घरच्या दुखण्यावर करून पाहिला. १९६६ साली सीमाप्रश्नासाठी न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच राहावं, असं त्यांनी १९६७ च्या अहवालात म्हटलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, म्हैसूरनं उचलून धरला. आता पारडी बदलू. तोच आयोग, तीच कारणमीमांसा, फक्त बेळगाव महाराष्ट्राला. तर? आमच्या घरात 'तो महाजन' असा उल्लेख व्हायचा. तेव्हा मात्र नक्कीच 'न्यायमूर्ती महाजनसाहेब' झाला असता.

माझे सगळेच आक्षेप त्यात वाहून गेले नाहीत. जागोजागी वेगळा निकष लावला, हा आक्षेप पारडी बदलूनही टिकला. 'आयोग मुळातच त्यांचा होता' हा मात्र गळाला. आयोग नेमावा म्हणून उपोषणाला बसलेले सेनापती बापट आपलेच होते. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथं माझ्या पारड्यांना कोण विचारतो!

अण्णांना मी हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारला. बेळगाव गेलं असतं, तर हाच अहवाल तुम्ही डोक्यावर घेतला असता काय? ते बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडं बघत बसले. मग म्हणाले, "फाडून टाकला असता की."