एका गोळीमागचं द्रावक

रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर ‘अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं. गोळीचं वजन मात्र त्याच्या कितीतरी पट भरतं. बाकीचा भाग सेल्युलोज, स्टार्च अशा पूरक पदार्थांचा. त्या भुकटीत औषध खरोखर तेवढंच आहे का, हे बॅच बाजारात जाण्याआधी तपासावंच लागतं. कच्चा माल आला की तपासणी, गोळ्या तयार झाल्या की तपासणी, गोळी किती वेगाने विरघळते याची तपासणी, आणि मुदत संपेपर्यंत साठवलेल्या नमुन्यांची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी. जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. म्हणजे ही मोजणी जगभर अखंड चालू असते.

ती बहुतेक वेळा एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, यंत्रावर होते. बारीक कणांनी ठासून भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रव दाबाने ढकलतात. नमुन्यातले घटक त्यातून आपापल्या वेगाने सरकतात आणि एकेक करून बाहेर पडतात; ते अतिनील प्रकाश किती शोषतात, यावरून बहुधा त्यांचं प्रमाण कळतं. पद्धत अचूक आहे, विश्वासार्ह आहे. पण तो द्रव (द्रावक) म्हणजे बहुधा पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल यांचं मिश्रण. मिनिटाला १ मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने यंत्र दिवसरात्र चाललं, तर जवळपास दीड लिटर द्रव कचऱ्याच्या बाटलीत जमा होतो. मोजायचं औषध असतं काही मायक्रोग्रॅम!

अ‍ॅसिटोनायट्राइल शरीरात गेलं तर त्यापासून सायनाइड तयार होतं. ते मुळात अ‍ॅक्रिलोनायट्राइल या प्लॅस्टिक आणि धाग्यांच्या कच्च्या मालाच्या निर्मितीत मिळणारं उपउत्पादन आहे. त्यामुळे २००८ च्या मंदीत अ‍ॅक्रिलोनायट्राइलची मागणी घसरली, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइलची टंचाई झाली.

त्याच्या जागी इथेनॉल वापरता येतं. ते वनस्पतींपासून मिळतं आणि त्याची विषारीपणाची पातळी खूप कमी आहे. पण पाण्यात मिसळलं की मिश्रण दाटसर होतं आणि कॉलममधला दाब वाढतो. यावर उपाय साधा आहे: कॉलम थोडा तापवायचा. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. सुमारे २१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचा अतिनील प्रकाश इथेनॉल स्वतःच शोषून घेतं. टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाला त्याने फरक पडत नाही, कारण ते २९६ नॅनोमीटरच्या आसपास चांगलं दिसतं. लिसिनोप्रिल, एनालाप्रिल यांच्यासारखी औषधं मात्र बरीचशी २१० ते २१५ नॅनोमीटरवरच मोजली जातात. तिथे इथेनॉल नेमकं आड येतं.

मला जास्त आशा वाटते ती अरुंद कॉलमची. ४.६ मिलिमीटर व्यासाऐवजी २.१ मिलिमीटरचा कॉलम घेतला, तर छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ एक पंचमांश होतं आणि द्रावकही जवळजवळ एक पंचमांशच लागतं. रसायनशास्त्र तेच, घटकांचं विलगीकरणही तेच.

काही वेळा कॉलमची गरजच नसते. अ‍ॅम्लोडिपिन आणि वलसार्टन एकत्र असलेली गोळी घ्या. ३६० नॅनोमीटरजवळचा प्रकाश अ‍ॅम्लोडिपिन शोषतं, वलसार्टन शोषत नाही. त्यामुळे तिथे अ‍ॅम्लोडिपिन थेट मोजता येतं. मग २५० नॅनोमीटरजवळच्या एकत्रित शोषणातून अ‍ॅम्लोडिपिनचा वाटा वजा केला की उरतं ते वलसार्टन. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशशोषण मोजणारं यंत्र), थोडं द्रावक आणि एक वजाबाकी. औषधांच्या प्रकाशशोषणाचे आलेख याहून जास्त गुंतलेले असतील, तर गणिती पद्धतींनी ते सोडवता येतात.

पण या साध्या पद्धतीची मर्यादा ओळखलीच पाहिजे. २०१८ मध्ये काही उत्पादकांच्या वलसार्टनमध्ये एनडीएमए ही कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली आणि अनेक देशांत गोळ्या परत मागवाव्या लागल्या. तिची स्वीकारार्ह मर्यादा ठरली दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. एवढा अंश साध्या प्रकाशशोषणात दिसणं अशक्य. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारं यंत्र) लागतो. अशा जागी द्रावक वाचवण्यासाठी तपासणी सैल करणं म्हणजे रुग्णाशी प्रतारणा. उलट, गोळी विरघळण्याच्या नेहमीच्या चाचणीत जिथे साधं प्रकाशशोषण पुरतं, तिथे एचपीएलसी चालवून लिटरभर द्रावक वाहवण्याचं समर्थन मला करता येत नाही.

पद्धत किती हरित, म्हणजे पर्यावरणाला किती कमी घातक, आहे हे ठरवायला आता गुणपत्रिकाही आहेत. २०१२ च्या इको-स्केलमध्ये १०० पासून सुरुवात करून घातक रसायन, वीज, कचरा यांचे गुण वजा करतात. २०२० ची ‘अ‍ॅग्री’ पद्धत १२ निकषांवर ० ते १ गुण देते. उपयोगी साधनं आहेत ही, तरी शोधनिबंधात चांगल्या गुणांचं हिरवं वर्तुळ छापलं म्हणून कारखान्यातली एक बाटलीही कमी होत नाही. तिथे औषधकोशातली (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली) किंवा नियामकाने मान्य केलेली पद्धतच चालते. द्रावक बदललं की ती नवी पद्धत ठरते; मग अचूकता, पुनरावृत्ती, विघटित पदार्थांपासून वेगळेपणा हे सगळं पुन्हा सिद्ध करावं लागतं. कॉलमच्या मापांबाबत मात्र अमेरिका, युरोप आणि जपानच्या औषधकोशांनी एकत्र आखलेल्या नियमांत बरीच मोकळीक आहे. ठरलेल्या मर्यादेत राहून, यंत्र कसोटीला उतरतं एवढं दाखवलं, की जुनीच पद्धत अरुंद कॉलमवर चालवता येते.